दुर्बिणीची काच शर्टाने पुसू नका!
नळगंगा धरणावर पक्षी बघायला जाणाऱ्या मलकापूरकरांनो, दुर्बिणीला जपा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ काचेवर बसतेच. ती तशीच शर्टाने घासली की बारीक कण काचेवरचा मुलामा खरवडतात, आणि तो परत येत नाही. आधी रबरी फुग्याच्या हवेने धूळ उडवा, मऊ ब्रशने झटका, मगच मायक्रोफायबरचं कापड हलक्या हाताने गोल फिरवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

खरा शत्रू पावसाळा! बंद कातडी केसमध्ये ओल राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. उन्हाळ्यातही जपा: मे महिन्यात तापलेल्या गाडीच्या डिक्कीत तर दुर्बीण ठेवूच नका.

आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका, मुलांनाही सांगा.