डिकीत स्टेपनी आहे ना, काका?

कॅलिफोर्नियाचं वाळवंट, १९३२ ची फोर्ड, भर दुपारचं पंक्चर... आणि बदलायला चाकच नाही! एका झकास गाडीची आणि तिच्यात नसलेल्या एका चाकाची गोष्ट.

चाक बदलता येतं मला. 'लायसन्स नंतर, आधी जॅक लावून दाखव' हा बाबांचा फंडा होता. त्यामुळे पामडेल सोडून पेअरब्लॉसम हायवेवरून पुढे गेल्यावर, वाळवंटातल्या त्या सरळसोट रस्त्यावर गाडी डावीकडून बसली तेव्हा मी घाबरले नाही. उलट बाह्या सरसावून उतरले. म्हटलं, पुण्याच्या मुली काय चीज आहेत ते दाखवूच आज अमेरिकेला!

''काका, स्टेपनी कुठंय?''

''कोण स्टेपनी?'' काकांनी विचारलं.

झाली का पंचाईत! मग मी हातवारे करून गोल चाक दाखवलं. काकांनी हॅट काढली, डोकं खाजवलं आणि शांतपणे म्हणाले, ''ते होय... ते नाहीये. सत्तर वर्षं झाली, नाहीये.''

हे काका म्हणजे माझ्या मावसभावाचे शेजारी. दादा बरबँकला राहतो, आयटीवाला. शेजारचे हे पंचाहत्तरीचे गृहस्थ विमानाच्या कारखान्यात मशीनवर काम करून रिटायर झालेले. दादाच्या लेकीने त्यांना एकदा 'काका' म्हटलं, तेव्हापासून अख्खी गल्ली त्यांना काका म्हणते. अमेरिकन गल्ली बरं का! दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मी दादाकडे गेले होते. चॅनेलची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं, स्टोऱ्या शोधत होते. दादा म्हणाला, ''स्टोरी? शेजारच्या गॅरेजमध्ये उभी आहे.''

काळी, बुटकी आणि बिनधास्त

गॅरेजचं शटर वर गेलं आणि मी खल्लास! १९३२ ची फोर्ड रोडस्टर. काळीभोर, वर छप्पर नाही, चाकांवर मडगार्ड नाहीत, पुढे-मागे बंपर नाही. पुढची चाकं छोटी, मागची मोठी, त्यामुळे गाडी नाक खाली घालून धावायच्या तयारीत असल्यासारखी दिसते. तिकडे हिला लाडाने 'ड्यूस' म्हणतात. ड्यूस म्हणजे दुर्री, बत्तीसमधल्या दोनवरून. जॉर्ज लुकसचा १९७३ चा 'अमेरिकन ग्राफिटी' पाहिला असेल, तर त्यातली पिवळी गाडी आठवा. ती हीच, फक्त छपराची.

हॉट रॉड म्हणजे काय, तर जुनी साधी गाडी घ्यायची, नको ते काढून टाकायचं आणि इंजिनाचा दम वाढवायचा. हेन्री फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. ताकद ६५ हॉर्सपॉवर. आज ऐकायला किरकोळ वाटते, तेव्हा ती चैन होती. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. वाळवंटात कोरड्या पडलेल्या तळ्यांची सपाट जमीन होतीच, मुरोक, एल मिराज अशी. तिथे जायचं आणि गाडी जीव खाऊन पळवायची. या शर्यतींना शिस्त लावायला १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली.

वजन कमी तर वेग जास्त, हा साधा हिशेब. मडगार्ड काढा, बंपर काढा, काच काढा. आणि मागे टांगलेलं ते जास्तीचं चाक? ते तर पहिलं काढा! बत्तीसच्या फोर्डला जास्तीचं चाक कंपनीकडूनच मागच्या बाजूला, पेट्रोलच्या टाकीच्या पाठीशी लावून यायचं. ते काढलं की टाकीचा सुंदर आकार उघडा पडतो. हळूहळू शर्यतीची गरज मागे पडली, पण हा 'लूक' राहिला. आज हॉट रॉडवाल्यांपैकी कितीतरी जण स्टेपनी ठेवत नाहीत. शर्यत लावायची असते म्हणून नव्हे, तर ती पाठ चांगली दिसते म्हणून!

काकांच्या वडिलांनी १९५० च्या दशकात ही गाडी बांधली. चाक विकलं. चाक अडकवायचा लोखंडी ब्रॅकेट मात्र गॅरेजच्या भिंतीवर तसाच टांगलेला होता.

आमचे पाच, त्यांचे सहा

तर आम्ही निघालो होतो एल मिराजला. तिथे आजही वाळवंटातल्या तळ्यावर एकेक गाडी घड्याळाशी शर्यत लावते. सगळं मस्त चाललं होतं. वारा, इंजिनाची गुरगुर, काकांच्या गप्पा. आणि मग ते पंक्चर.

मला वाटलं, पंक्चरचं किट तरी असेल. किट होतं की! पण काकांची चाकं १९४० च्या फोर्डची, १६ इंची, रिव्हेट मारलेली. अशा रिममधून हवा झिरपते, म्हणून आत ट्यूब घालावी लागते. आणि किटमधली ती चिकट वात फक्त ट्यूबलेस टायरला चालते. आमची ट्यूब तर चांगली वीतभर फाटली होती.

फोन केला. गाडी उचलून न्यायला माणूस येणार होता, पण अडीच तासांनी. पाणी एक बाटली. छप्पर नाही, झाड नाही. मडगार्डसुद्धा नाहीत, की त्यांच्या आडोशाला बसावं! काकांची ब्लडप्रेशरची गोळी घरी राहिली होती. ते हसत होते, पण चेहरा लालबुंद झाला होता आणि बोलणं कमी कमी होत चाललं होतं. मी माझी ओढणी ओली करून त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्या क्षणी मला ती सुंदर पाठ अजिबात सुंदर वाटत नव्हती.

पाऊण तासाने एक पिकअप थांबली. नवरा-बायको शर्यतीलाच निघाले होते. थंड पाणी दिलं, काकांना एसीत बसवलं. त्यांच्याकडे स्टेपनी होती, आणि त्यांनी मोठ्या मनाने देऊही केली. पण आमच्या चाकाला पाच बोल्ट, त्यांच्या चाकाला सहा. बसणार कसं?

मला चाक बदलता येत होतं. माझ्याकडे पाना होता, जॅक होता. चाक नव्हतं, बस्स.

एसीत बसून पाणी प्यायल्यावर काकांना तरतरी आली. म्हणाले, ''माझ्या वडिलांनी चाक काढलं ते दोन मिनिटांच्या शर्यतीसाठी. शर्यत संपली की गाडी ओढून न्यायला भाऊ ट्रक घेऊन उभा असायचा. ट्रक गेला, भाऊ गेला, मी मात्र अजून तसाच हिंडतोय.'' जरा थांबून म्हणाले, ''म्हणून तर मी घरापासून पन्नास मैलांच्या पुढे जात नाही. आज तू होतीस म्हणून आलो.''

बॉनेव्हिलचं मिठाचं मैदान बघायचं त्यांच्या मनात होतं. यूटा राज्यातलं ते पांढरंशुभ्र मैदान, जिथे १९४९ पासून वेगाचे विक्रम करायला हॉट रॉडवाले जमतात. वडिलांनी 'तुला नेईन' म्हटलं होतं, राहून गेलं. बरबँकपासून हजार किलोमीटरच्या वर. बिनस्टेपनीचे हजार किलोमीटर!

'स्टेपनी' आली कुठून?

परत आल्यावर मी काकांना शब्दाचं कोडं सोडवून दिलं. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात जास्तीचं चाक मिळतच नसे. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी एक युक्ती काढली. आरे नसलेली रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाजूने क्लॅम्पने आवळायची आणि निघायचं! दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून ते 'स्टेपनी' चाक. इंग्रज ते नाव विसरले, आपण मात्र घट्ट धरून ठेवलं. ब्राझीलमध्येही 'एस्तेपे' म्हणतात.

काका खूश! ''म्हणजे ही बाई वेल्सची,'' म्हणाले आणि भिंतीवरच्या ब्रॅकेटकडे बघत बसले.

लूकही हवा, चाकही हवं

मग दादा, काका आणि मी गॅरेजमध्ये मीटिंगला बसलो. पहिला प्रश्न : पुढचा टायर लहान, मागचा मोठा, मग स्टेपनी कोणत्या मापाची? दोन चाकं नेणं शक्य नाही. उत्तर मधलं निघालं. रिम तीच १६ इंची, पाच बोल्टची, वर सहा इंच रुंदीचा सडपातळ टायर. पुढेही बसतो, मागेही बसतो. दिसतो विजोड, पण सावकाश चालवत पुढच्या गावापर्यंत न्यायला पुरेसा.

दुसरा प्रश्न : ठेवायची कुठे? ब्रॅकेटवर नाहीच. काकांनी तिथे साफ नकार दिला. मग डिकी. रोडस्टरच्या मागे एकतर उघडी सीट असायची, नाहीतर सामानाची जागा. त्या मागच्या सीटला इंग्रज 'डिकी' म्हणायचे, तिथूनच आपली डिकी आली. काकांच्या गाडीत सामानाची जागा होती. चाक उभं करून सीटच्या पाठीला टेकवलं आणि दोन पट्ट्यांनी करकचून बांधलं. ब्रेक मारला तर ते वीस-पंचवीस किलोंचं धूड आपल्याच पाठीत यायला नको!

तिसरी गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे तालीम. काकांनी चारही जागी ती स्टेपनी लावून पाहिली. ज्यांनी जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवलेत, त्यांची जुनी रिम कधीकधी ब्रेकलाच घासते. ज्यांची चाकं अलॉयची आहेत, त्यांचे नट लोखंडी चाकाला बसतीलच असं नाही, म्हणून वेगळे नट डिकीत ठेवावे लागतात. आणि टायर बसला की गाडी आणखी खाली येते, मग नेहमीचा जॅक खाली सरकतच नाही. आम्ही मुद्दाम हवा सोडून पाहिलं. खरंच नाही सरकला! काकांनी दुसऱ्या दिवशी बुटका जॅक आणला.

तुमच्या डिकीत काय आहे?

* हवा : स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा तपासा. वापर नसला तरी ती हळूहळू कमी होतेच.
* वय : टायरच्या बाजूवर कोडच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३५१९' म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. न वापरलेला टायरही म्हातारा होतो.
* बारीक स्टेपनी : नव्या गाड्यांतल्या बारीक स्टेपनीवर वेगमर्यादा छापलेली असते, बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटर. ती पाळा.
* स्टेपनीच नाही? : भारतात २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या कारला स्टेपनी सक्तीची नाही. गाडी घेताना विचारून घ्या. टायरची बाजू फाटली तर किट उपयोगाचं नाही.
* तालीम : एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाक बदलून पाहा. तेही एकट्याने.

पुण्याला आल्या आल्या मी बाबांच्या गाडीची डिकी उघडली. स्टेपनीत हवाच नव्हती! जॅक शिकवणारे बाबा गुपचूप चहा प्यायला निघून गेले. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हसत म्हणाला, ''ताई, दहातल्या आठ जणांचं असंच असतं.''

आई मात्र माझ्याकडे वळली. ''आणि तुझं काय? नोकरी सोडलीस. हाताशी काय आहे तुझ्या?'' एरवी मी भांडले असते. सगळ्या संपादकांची स्टेपनी मीच, कोणी रजेवर गेलं की फोन मला. पण माझी स्वतःची? काही नव्हती. त्या महिन्यात मी पहिल्यांदा आरडी उघडली. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण आता नको ते काम मी नाकारू शकते.

पुढच्या ऑगस्टमध्ये दादाने एक फोटो पाठवला. पांढरंशुभ्र मैदान, त्यावर काळी ड्यूस, शेजारी हॅट घातलेले काका. गाडी मागून टिपलेली. पाठ तशीच देखणी, टाकी तशीच उघडी.

आणि डिकीचं झाकण काकांनी मुद्दाम उघडं ठेवलं होतं.