मध्येच बोलायचे, तर काय बोलायचे?

२९ सप्टेंबर १९२९ची रात्र. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत जॉन आणि मर्टल बेनेट हे जोडपे शेजारच्या हॉफमन पती-पत्नीबरोबर ब्रिज खेळत बसले होते. जॉन हा अत्तरे विकणाऱ्या कंपनीचा विक्रेता. एका डावात त्याने 'एक इस्पिक' अशी बोली केली. हॉफमन 'दोन चौकट' म्हणाले आणि मर्टलबाईंनी थेट 'चार इस्पिक' सांगून टाकले. जॉनला दहा हात करायचे होते. ते झाले नाहीत. बाईंनी त्याची अक्कल काढली, त्याने थोबाडीत मारली, आणि थोड्याच वेळात बाईंनी पिस्तूल आणून त्याला गोळ्या घातल्या. १९३१ साली खटला चालला. माजी सिनेटर जेम्स रीड बाईंचे वकील होते. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले.

ब्रिजवाल्यांमध्ये या डावाची चर्चा अजून होते. (त्या रात्रीच्या पानांचा जो तक्ता पुढे छापला गेला, तो मागाहून जुळवलेला असावा असे जाणकार मानतात.) नवऱ्याची बोली हलकी होती का, बायकोने उडी फार मोठी मारली का, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. हॉफमनच्या 'दोन चौकट'कडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मला त्या दोन शब्दांतच रस आहे. प्रतिपक्षाने डाव उघडल्यावर आपण मध्येच बोलायचे की गप्प बसायचे, आणि बोलायचे तर काय, हा ब्रिजमधला फार अवघड प्रश्न आहे. या मध्येच बोलण्याला 'ओव्हरकॉल' म्हणतात.

लाडीस किंवा पाच-तीन-दोन खेळून वाढलेल्या वाचकाला ब्रिज समजायला अडचण नाही. चौघे जण, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकी तेरा पाने. फरक आहे तो बोलीत. 'एक इस्पिक' म्हणजे सहा अधिक एक, असे सात हात इस्पिक हुकूम करून आम्ही करू, हे वचन. रंगांची चढती भाजणी किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांवर बिनहुकमी, म्हणजे नो ट्रम्प. प्रत्येक बोली आधीच्या बोलीच्या वरची हवी. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १, असे एकूण ४० पॉईंट चौघांत वाटलेले असतात. साधारण १२-१३ पॉईंट असणारा डाव उघडतो.

समजा, तुमच्या उजवीकडच्याने 'एक किलवर' म्हणून डाव उघडला. त्याच्याकडे बळ आहे हे कळले. तुमच्या डावीकडे काय आहे हे ठाऊक नाही आणि समोरच्या भिडूकडे काय आहे हेही ठाऊक नाही. नवशिका अशा वेळी पॉईंट मोजतो. बारा भरले की बोलतो, आठ भरले की मूग गिळतो. माझी पहिली काही वर्षे याच हिशेबात गेली.

खरा हिशेब वेगळा आहे. ओव्हरकॉल करून आपण चार कामांपैकी निदान एक काम करत असतो: डाव स्वतःच्या ताब्यात घेणे, प्रतिपक्षाची बोलण्याची जागा खाणे, त्यांना झेपेल त्याच्या वर ढकलणे, आणि भिडूने पहिले पान कोणते उतरावे हे त्याला सांगून ठेवणे. जागा खाण्याचे गणित सोपे असूनही अनेकांच्या ध्यानात येत नाही. 'एक किलवर'वर तुम्ही 'एक चौकट' म्हणालात, तर डावीकडच्याला 'एक बदाम' आणि 'एक इस्पिक' दोन्ही मोकळे राहतात. म्हणजे त्याचे काहीच अडले नाही. पण 'एक इस्पिक' म्हणालात, तर एक चौकट आणि एक बदाम या दोन्ही पायऱ्या निघून जातात. 'एक चौकट'वर 'दोन किलवर' म्हटले तर एकाच्या पातळीवरच्या साऱ्या बोल्या गेल्या. बेनेटबाईंना 'दोन चौकट'ने काय केले असेल, ते यावरून ताडावे. सावकाश चाचपडत जायची एक पायरी कमी झाली आणि बाई चौथ्या मजल्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

आता ही पाने पाहा. इस्पिकचा एक्का, राणी, गुलाम, दश्शी आणि एक बारके पान. बाकी सारा भुसा. पॉईंट अवघे सात. 'एक किलवर'वर 'एक इस्पिक' म्हणायला याहून छान पाने नकोत. दुसरीकडे, इस्पिकचा गुलाम, अठ्ठी, छक्की, चव्वी, दुर्री; बदामचा एक्का आणि एक बारके; चौकटचे राजा-राणी आणि दोन बारकी; किलवरची दोन फालतू पाने. पॉईंट दहा. इथे मी 'एक इस्पिक' म्हणालो होतो.

हा डाव मी विसरलेलो नाही. डावीकडचे गृहस्थ 'दोन नो ट्रम्प' म्हणाले, उजवीकडच्याने 'तीन'वर नेले. नऊ हात हवे होते आणि पहिले पान माझ्या भिडूने उतरायचे होते. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे बदामची राणी, गुलाम, दश्शी, नव्वी अशी सणसणीत माळ होती आणि इस्पिकचा राजा-तिर्री. माळेतली राणी उतरणे हे शाळकरी पोरालाही सुचले असते. त्यांनी इस्पिकचा राजा उतरला. डावीकडच्यांकडे इस्पिकचे एक्का-राणी-दश्शी होते. राजा एक्क्याखाली गेला, समोर मांडलेल्या पानांतली नव्वी माझ्यावरून निघून गेली, पाठोपाठ दश्शी आणि राणी. त्यांना किलवरचे पाच हात होतेच. डाव हसत हसत झाला. बदामची राणी उतरली असती तर माझा एक्का, परतीचे बदाम, आणि शेवटी तोच इस्पिकचा राजा मिळून आमचे पाच हात होऊन डाव एकाने पडत होता. बोलताना मी दहा पॉईंट मोजले होते. गुलामाखालची अठ्ठी-छक्की मोजली नव्हती.

सर काही बोलले नाहीत. पाने गोळा करताना एवढेच म्हणाले, "अहो, तुम्ही इस्पिक म्हणालात म्हणून मी राजा सोडला." त्यापेक्षा त्यांनी आवाज चढवला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून बोलण्याआधी मी स्वतःला विचारतो, भिडूने या रंगातला राजा उतरला तर मला आनंद होईल का? एकाच्या पातळीवर हा प्रश्न पुरेसा आहे. दोनच्या पातळीवर मात्र तेवढ्यावर भागत नाही. तिथे सहा पानी किंवा फार भरीव पाच पानी रंग हवा आणि बळही डाव उघडण्याइतके हवे. कारण तिथे डबल बसली तर पैसे मोजावे लागतात. हा मोजणीचा तक्ता हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी नोव्हेंबर १९२५मध्ये 'फिनलंड' या बोटीवर, लॉस एंजेलिसहून पनामामार्गे हवानाला जाताना आपल्या मित्रांवर प्रथम आजमावला. 'व्हल्नरेबल' हा शब्द त्यांना बोटीवरच्या एका तरुण सहप्रवासिनीने सुचवला म्हणतात. तुम्ही व्हल्नरेबल नसताना डबलसह दोन हात कमी पडले तर दंड ३००. असाल तर ५००, आणि तीन कमी पडले तर ८००. त्यांचा 'दोन बदाम'चा डाव झाला असता तर त्यांना ११० मिळाले असते. ११० वाचवायला ५०० मोजणारा माणूस बाजारात भाजी कशी घेत असेल, असा प्रश्न पडतो. मात्र ते व्हल्नरेबल आहेत आणि 'चार इस्पिक' करून ६२० घेणार आहेत, अशा वेळी ३०० देऊन मोकळे होणे हा शहाणपणाचा सौदा.

अर्थात पूर्वीइतकी डबल आता पटकन बसत नाही. अल्विन रॉथ यांनी १९५७ साली निगेटिव्ह डबल रूढ केली. तेव्हा रशियाचा उपग्रह आकाशात होता म्हणून तिला 'स्पुटनिक'ही म्हणत. ती वापरणाऱ्या जोडीत डावीकडच्याने केलेली डबल दंडासाठी नसते. न बोललेले रंग आपल्याकडे आहेत एवढेच ती सांगते. साहजिकच ओव्हरकॉल करणारे धीट झाले. माझ्या मते जरा जास्तच.

प्रत्येक वेळी रंग सांगणे हाच योग्य ओव्हरकॉल असतो असेही नाही. त्यांच्या रंगात एखादेच पान, बाकी तिन्ही रंगांना आधार आणि डाव उघडण्याइतके बळ असेल तर डबल म्हणावे. भिडूच आपला रंग निवडतो. १५ ते १८ पॉईंट, पाने समतोल आणि त्यांच्या रंगाला अडसर असेल तर एक नो ट्रम्प. सहा पानी रंग आहे पण बळ बेताचेच, तर एक पायरी उडी मारून जागा खावी. यात घोटाळा होतो तो डबलपाशी. इस्पिक पाच, बदाम दोन आणि पॉईंट चौदा असताना लोक डबल म्हणतात, भिडू इमानदारीने बदाम सांगतो, आणि मग हे इस्पिक म्हणतात. तसे बोलणे म्हणजे १७-१८ पॉईंटांची ग्वाही. भिडू त्यावर इमले चढवतो आणि सगळे कोसळते. साधे 'एक इस्पिक' म्हटले असते तर काय बिघडले असते?

भिडूने उचलून धरायचे किती, याला फ्रान्सच्या जाँ-रने व्हेर्न यांनी १९६६ साली एक ठोकताळा दिला आणि लॅरी कोहेन यांच्या १९९२च्या पुस्तकाने तो घरोघर नेला. दोघांचे मिळून हुकूम आठ असतील तर आठ हातांपर्यंत जावे, नऊ असतील तर नऊपर्यंत. माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी २००४मध्ये आख्खे पुस्तक लिहून हा ठोकताळा किती वेळा फसतो ते दाखवले. तरी माझ्यासारख्याला त्याचा आधार वाटतो, कारण तो पॉईंट विसरायला लावतो.

याच लॉरेन्स यांचे ओव्हरकॉलवरचे १९७९चे पुस्तक आमच्या भांडणाचे मूळ आहे. रंग भरीव असेल तर एकाच्या पातळीवर चार पानांवरही बोलावे, असे ते म्हणतात. मागच्या महिन्यात उजवीकडून 'एक चौकट' आले. माझ्याकडे इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, दश्शी. बदाम दोन, चौकट तीन, किलवरचा राजा आणि तीन बारकी. डबल म्हणावी तर बदाम दोनच. मी 'एक इस्पिक' म्हणालो. सरांनी इस्पिकची राणी उतरली आणि तो डाव आम्ही पाडला. तरी घरी जाताना जिन्यात ते थांबलेच. "पान बरोबर मागितलंत, पण मी पाच इस्पिक धरून चाललो होतो. माझ्याकडे चार असते आणि मी 'तीन' म्हणालो असतो, तर?" मी म्हटले, "सर, तेव्हा आठ हुकमांवर नऊ हात करावे लागले असते." ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी पास म्हणा." मी अजून हो म्हटलेले नाही.