एका हंड्याभोवतीची फौज

नेपोलियनच्या ‘ग्रांद आर्मे’ची, म्हणजे महासेनेची, ताकद तिच्या रचनेत होती. तिची प्रत्येक ‘कोअर’ ही छोटी स्वतंत्र फौजच असे: पायदळ, घोडदळ, तोफखाना, सारे एका सेनानीच्या हाताखाली. १८०८ च्या हुकुमाने पायदळाच्या बटालियनमध्ये सहा कंपन्या आणि कंपनीत १४० माणसे ठरली. पण शिपायाचे खरे घर म्हणजे त्याची पंगत. मूठभर सोबती एकाच हंड्यात मांस-भाजी शिजवत आणि भोवती बसून आळीपाळीने चमचा घालत. पाठीवर केसाळ कातड्याची पिशवी, खांद्यावर साडेचार किलोंची बंदूक. रसद मागे पडली की वाटेतली गावे ओरबाडली जात. त्याची झळ गरीब शेतकऱ्याला बसे. १८१२ मध्ये रशियावरच्या स्वारीत तर ओरबाडायलाही फारसे उरले नाही. भूक, रोगराई आणि थंडीने हजारो शिपाई वाटेतच कोसळले.