बिलावरच्या तीन तारखा

उन्हाळ्यात यवतमाळ, वणी, पुसदकडे कूलर रात्रभर चालतो. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला, तर महिन्याला ६० युनिट होतात. शंभर युनिटच्या आत राहणारं घर तेवढ्यानंच पुढच्या, महागड्या टप्प्यात जातं. ज्या जिल्ह्यात वणीच्या खाणींतून कोळसा निघतो, तिथल्याच घरांना वीज जड जावी, हे मनाला लागतं.

महावितरणचं बिल आलं की आकड्याआधी तारखा बघाव्यात. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट. मुदत उलटली की सव्वा टक्का जादा.

ऑनलाइन भरणाऱ्यांना आणखी पाव टक्का. म्हणजे करांखेरीज २,००० रुपयांचं बिल वेळेआधी मोबाइलवरून भरलं, तर २५ रुपये वाचतात. ‘गो ग्रीन’मध्ये नाव नोंदवून कागदी बिल बंद केलं की दर बिलामागे १० रुपये वेगळे.

रोखीनंच भरायचं असेल, तर ऑगस्ट २०२३ पासून घरगुती ग्राहकाला महिन्याला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. बिलच कमी करायचं असेल, तर छपराची जागा असलेल्यांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून सौर पॅनेलची ‘पीएम सूर्यघर’ योजना आहे: एक किलोवॉटला ३०,०००, तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान.