मुंबई दाखवा, पण पाण्यात काटकसर नको

शाळांना सुटी लागली की घरोघरी मुंबईचा बेत ठरतो. मुक्काम नातेवाइकांकडे, प्रवास लोकलने आणि राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे, चौपाटी हा ठरलेला कार्यक्रम. बेत चांगलाच आहे. मात्र सुटी सरत आली की मुंबईहून परतलेली मुले जुलाब-उलट्या घेऊन माझ्या दवाखान्यात येतात, म्हणून हा लेख.

गेल्या मे महिन्यात पाच वर्षांच्या एका मुलीला आणले. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, सकाळपासून लघवी नाही. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चौघांना बाटलीचे पाणी परवडेना, म्हणून मुलांना बर्फाचे गोळे दिले." दोन दिवस सलाईन लावावे लागले. मुलगी बरी झाली, पण सहलीतली सारी बचत औषधपाण्यात गेली.

बर्फाने जंतू मरतात हा गैरसमज आहे. थंडीत ते नुसते स्वस्थ बसतात आणि पोटात गेले की वाढू लागतात. जंतू मरतात ते उकळण्याने. म्हणून रोज सकाळी मुक्कामाच्या घरी पाणी उकळून, गार करून बाटल्या भरून घ्याव्यात. याला खर्च जवळजवळ नाही. खाण्याचेही तसेच. समोर तळलेला गरम वडा चालेल, चटणी व कापून ठेवलेली फळे नकोत. केळी, संत्री सोलून द्यावीत.

काटकसर प्रवासात करावी. एका दिवशी एकच भाग पाहावा. राणीची बाग भायखळा स्टेशनवरून चालत गाठता येते. बुधवारी ती बंद असते. म्हातारीचा बूट आणि हँगिंग गार्डन समोरासमोर आहेत. गेटवे पाहायला तिकीट नाही. दुपारी मुलांना दोन तास सावलीत बसवावे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मुलांसह लोकलमध्ये चढू नये. मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि "चुकलास तर आहेस तिथेच थांब, आम्ही येतो" असे बजावून ठेवावे. हरवलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पिशवीत ओआरएसची चार पाकिटे असू द्यावीत. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावे व २४ तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. दर जुलाबानंतर दोन वर्षांवरील मुलास अर्धा ते एक कप, लहानास पाव ते अर्धा कप द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजावे. जेवण व अंगावरचे दूध बंद करू नये. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले किंवा पाणीही पोटात टिकेना, तर गावी परतण्याची वाट पाहू नये. मुंबईत सरकारी व महापालिकेची रुग्णालये आहेत आणि तिथे खर्चही कमी येतो. त्या मुलीला आणखी चार तास उशीर झाला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

मुलांना मुंबई जरूर दाखवा. फक्त निघताना बाटल्या भरल्या का, एवढे पाहा.