सात सीटर गाडी घेताय? आधी सगळ्या रांगांत बसून पाहा
गाडी निवडताना आपण मायलेज आणि डिकी पाहतो. कंबर आणि गुडघ्यांचा विचार राहून जातो. अनेक सात सीटर गाड्यांत तिसऱ्या रांगेची सीट बुटकी असते. तिथे गुडघे कमरेपेक्षा वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि कंबरेला बाक येतो. त्यामुळे मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण वाढतो.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांना प्रत्येक रांगेत 10 मिनिटे बसवा. तपासा:

- तळवे पूर्ण टेकतात का?
- गुडघ्यांपुढे चार बोटे जागा उरते का?
- हेडरेस्ट मानेपाशी न राहता डोक्यामागे येतो का?
- चढता-उतरताना वाकावे लागते का?

लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून चाला. नंतर एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. मालिश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठा.