नाशिकची लाल वाइन आणि आपलं जांभूळ : चव मातीतून येते

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. वाइन ही दारूच आहे आणि ती प्यावी असं सांगायला हा लेख नाही. गावातली बाटली आडवी करायला आपल्यातल्याच कितीजणी उभ्या राहिल्या आहेत. पण एखाद्या मालाचं नाव त्याच्या गावावरून का होतं, हे समजून घ्यायला नाशिकच्या द्राक्षाचं उदाहरण चांगलं आहे.

कल्याणहून नाशिकची गाडी पकडली की कसाऱ्यानंतर घाट लागतो. घाट चढून नाशिकला पोचलो की आपण समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंचीवर असतो. आपल्याकडे थंडीतही अंग चिकट होतं. तिथे हवा कोरडी, दुपारी चांगलं ऊन आणि रात्री पारा १० अंशांच्या आसपास. पाऊसही आपल्या निम्म्याहून कमी.

याचा वाइनशी काय संबंध? लाल वाइनचा रंग रसात नसतो, तो काळ्या द्राक्षाच्या सालीत असतो. म्हणून रस सालीसकट काही दिवस आंबवतात. तुरटपणाही साल आणि बियांतूनच उतरतो. दिवसाच्या उन्हाने फळात साखर भरते. रात्र थंड असली की आंबटपणा टिकतो आणि सालीला रंग चांगला चढतो. रात्रही गरम राहिली तर फळ नुसतं गोड होतं, चव सपक लागते.

जमिनीचंही तसंच. वेलीच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत वेल माजत नाही, पानापेक्षा फळाकडे ताकद जाते. वाइनची द्राक्षं आपण खातो त्यापेक्षा लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. शिराझ, कॅबरने सोव्हिन्यॉ ही त्यांची नावं.

फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपते, वर्षातून एकदाच छाटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून नाशिकचा शेतकरी दोनदा छाटतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी. पीक मात्र एकच घेतो. त्यामुळे फळ कोरड्या थंडीत पिकतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. हवामान बदलता येत नाही, पण वेळ साधता येते. तरी अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली तर मणी तडकतात, कूज लागते आणि वर्षाची मेहनत जाते.

या सगळ्यामुळेच 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं आहे. दुसरीकडच्या मालाला ते नाव लावता येत नाही.

आता आपल्याकडे बघा. बदलापूरच्या जांभळालाही जीआय आहे, पालघरमधल्या बहाडोलीच्या जांभळालाही आहे. जांभळाचा गडद रंगही सालीतच असतो. आणि त्यालाही पावसाची भीती आहेच : पिकायच्या वेळी पाऊस लागला तर फळ गळतं, फुटतं, टोपलीतच पाणी सुटतं.

मग आपल्या गटांनी काय करायचं?

• मानांकन गावाला मिळालं म्हणून आपोआप आपल्या बाटलीवर नाव लावता येत नाही. त्यासाठी उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते. ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या.
• सरबत, पल्प किंवा बियांची पावडर करताना कोणत्या झाडाचं, कोणत्या तारखेचं फळ आहे ते वहीत लिहा.
• बाहेरचं स्वस्त फळ त्यात मिसळू नका. एकदा चव बिघडली की नावही जातं.

जांभूळ आपण टोपलीच्या भावाने विकत आलो. त्याच्या चवीत आपल्या मातीचा वाटा आहे. त्या वाट्याचे पैसे व्यापाऱ्याकडे न जाता आपल्या गटाच्या खात्यात यायला हवेत.